ताप उतरल्यानंतर छातीत दुखते तेव्हा

फ्लू, डेंग्यू, कोविड किंवा ज्याचे नाव कधी कळलेच नाही असा एखादा विषाणुजन्य ताप चार-सहा दिवसांत उतरतो. आजारी माणूस उठून बसतो, त्याला भूक लागू लागते. नेमके त्याच सुमारास, कधी आठवड्याने तर कधी पंधरवड्याने, छातीत दुखू लागते. कूस बदलताना कळ येते, खोल श्वास घेतला की टोचते, किंवा जिना चढताना छातीवर दडपण जाणवते. कोणीतरी रक्त तपासून घेण्यास सांगते. संध्याकाळी मोबाइलवर अहवाल येतो. त्यात ‘सीआरपी’ किंवा ‘ईएसआर’ या शब्दांपुढे ठळक अक्षरांत एक आकडा आणि वर रोखलेला बाण असतो.

यानंतर घरोघरी दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर त्या बाणाने सारे घर धास्तावते आणि दर दोन दिवसांनी रक्त तपासण्याचा सपाटा सुरू होतो. किंवा ‘अशक्तपणा आहे, गॅस झाला असेल’ असे म्हणून ओवा आणि सोडा दिला जातो. दोन्हींमागे काळजीच असते, पण दोन्हींत चूक होऊ शकते. आकडा वाढलेला असूनही दुखणे किरकोळ असू शकते. उलट, आकडा मर्यादेत असतानाही हृदयविकाराचा झटका आलेला असू शकतो. म्हणून दुखण्याचे प्रकार कसे ओळखावेत, अहवाल कसा वाचावा आणि कोणत्या क्षणी अहवाल बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे, याची माहिती या पत्रकात दिली आहे.

आधी तातडीचे

छातीच्या मध्यभागी जड वजन ठेवल्यासारखे किंवा आवळल्यासारखे वाटत असेल, स्वस्थ बसूनही ते काही मिनिटांत थांबत नसेल, वेदना डाव्या हातात, जबड्यात, पाठीत किंवा वरच्या पोटात पसरत असेल, सोबत दरदरून घाम, मळमळ, धाप, भोवळ किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर पुढील मजकूर नंतर वाचावा. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका मागवावी. रुग्णाने स्वतः दुचाकी किंवा मोटार चालवत जाऊ नये आणि चालत जाण्याचाही प्रयत्न करू नये. अचानक दम लागणे, खोकल्यातून रक्त पडणे, ओठ निळसर होणे, शुद्ध हरपणे, छातीत अनियमित धडधड होऊन चक्कर येणे हीदेखील तशीच तातडीची लक्षणे होत.

अशा वेळी प्रयोगशाळेत जाऊन सीआरपी करवून घेण्यात वेळ घालवू नये. पहिली गरज असते ती ईसीजीची. छातीत दुखणारा रुग्ण रुग्णालयात आल्यावर १० मिनिटांच्या आत त्याचा ईसीजी काढला जावा, असा वैद्यकीय संकेत आहे. नोंदणीच्या खिडकीशी रांग असली तरी ‘छातीत दुखत आहे’ हे शब्द तेथील परिचारिकेला स्पष्टपणे सांगावेत. संकोचाने मागे उभे राहणारे रुग्ण रुग्णालयांत रोज दिसतात. या एका बाबतीत रांग सोडून पुढे येणे मुळीच गैर नाही.

ताप नुकताच येऊन गेला आहे म्हणून हे दुखणे ‘तापाचेच’ असणार, हा समज अनेकांच्या मनात घट्ट बसलेला असतो. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातील रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच्या उलट चित्र दिसले. चाचणीने निश्चित झालेल्या फ्लूनंतरच्या पहिल्या ७ दिवसांत हृदयविकाराच्या झटक्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण एरवीच्या तुलनेत सुमारे ६ पट होते. संसर्गाच्या काळात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, हृदयाचे ठोके वाढतात आणि रक्तवाहिन्यांतील जुने थर अस्थिर होतात. ज्यांच्या धमन्या आधीच अरुंद झालेल्या असतात त्यांना हा ताण सोसत नाही. घरातील वयस्कर व्यक्ती, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेली व्यक्ती, तंबाखू खाणारी वा ओढणारी व्यक्ती यांच्याबाबत ‘फ्लूनंतरचा थकवा’ हे निदान घरी करू नये. महिलांमध्ये आणि मधुमेहींमध्ये झटक्याच्या वेळी कधीकधी छातीत फारसे दुखतही नाही. केवळ दम लागतो, मळमळते किंवा असाधारण थकवा येतो.

दाह म्हणजे काय आणि तो रक्तात कसा दिसतो

शरीरात विषाणू, जिवाणू किंवा इजा यांच्याशी झुंज सुरू झाली की त्या ठिकाणी रक्तपुरवठा वाढतो, पांढऱ्या पेशी जमतात, ऊती सुजतात आणि दुखतात. या प्रक्रियेला दाह म्हणतात. दाह हा शत्रू नव्हे. तो शरीराचा बंदोबस्त आहे. मात्र कधीकधी विषाणू निघून गेल्यावरही हा बंदोबस्त उठत नाही, किंवा हृदयाभोवतीचे आवरण, फुफ्फुसाचे आवरण, हृदयाचा स्नायू अशा नाजूक जागी तो तळ ठोकतो.

दाह सुरू झाल्याचा निरोप रक्तातून यकृताला मिळतो आणि यकृत एक विशिष्ट प्रथिन भराभर तयार करू लागते. हेच सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी. १९३० मध्ये अमेरिकेतील रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम आढळले. न्यूमोनियाच्या जिवाणूतील ‘सी’ नावाच्या घटकाशी ते चिकटते, म्हणून त्याला हे नाव पडले. दाह सुरू झाल्यापासून साधारण ६ ते ८ तासांत ते वाढू लागते, सुमारे ४८ तासांत शिखर गाठते आणि दाह शमला की झपाट्याने उतरते. रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे १९ तास पुरतात. म्हणून सीआरपी ही ‘आजची’ बातमी देणारी चाचणी आहे.

ईएसआर त्या मानाने जुनी आणि संथ चाचणी. उभ्या नळीत रक्त ठेवल्यावर पहिल्या एका तासात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसतात, हे त्यात मोजतात. दाहाच्या काळात रक्तातील काही प्रथिने वाढतात, त्यामुळे तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर रचल्या जातात आणि जड होऊन लवकर तळाशी जातात. ही प्रथिने हळूहळू कमी होतात, त्यामुळे माणूस बरा झाल्यावरही ईएसआर काही आठवडे चढलेला राहू शकतो. बरे वाटत असलेल्या माणसाचा ईएसआर तिसऱ्या आठवड्यात थोडा वाढलेला दिसला, तर त्यात आश्चर्य नाही.

या दोन्ही चाचण्यांची मर्यादा एकच आहे. गावाबाहेरून धूर दिसला म्हणजे कोठेतरी जाळ आहे हे नक्की. पण तो चुलीचा की गवताच्या गंजीचा, हे धुरावरून कळत नाही. सीआरपी हिरड्यांच्या सुजेनेही वाढते, लठ्ठपणा आणि धूम्रपान यांमुळेही थोडीफार चढलेली असते. छातीतले दुखणे कोठून येते, हे ती सांगू शकत नाही. ते सांगण्याची ताकद आपल्या स्वतःच्या वर्णनात आहे, आणि डॉक्टरही तपासणीची सुरुवात तेथूनच करतात.

दुखणे कसे आहे, ते नीट पाहावे

विषाणुजन्य आजारानंतर छातीत दुखण्याचे सर्वांत सामान्य कारण साधे असते. आठ-दहा दिवस खोकून खोकून बरगड्यांमधील स्नायू ताणले जातात, किंवा बरगड्या छातीच्या मधल्या हाडाला जेथे जोडल्या जातात तेथील कूर्चा दुखावते. अशा दुखण्यात बोट ठेवून जागा दाखवता येते आणि तेथे दाबल्यास नेमकी तीच कळ उठते. हात वर करताना, कूस बदलताना, पिशवी उचलताना ती वाढते. हे दुखणे काही आठवडे रेंगाळते, पण त्याने हृदयाला काही होत नाही आणि सीआरपी बहुधा मर्यादेतच असते. शेक, विश्रांती आणि खोकल्यावर उपचार एवढे पुरते. वयस्कर महिलांमध्ये हाडे ठिसूळ झालेली असल्यास जोराच्या खोकल्याने बरगडीला चीर पडू शकते, एवढे मात्र ध्यानात असावे. दाबल्यावर दुखते म्हणून हृदय निश्चितच निर्दोष, असा निष्कर्षही घरी काढू नये. वर सांगितलेली तातडीची लक्षणे सोबत असतील तर त्यांनाच महत्त्व द्यावे.

खोल श्वास घेताना किंवा खोकताना एका बाजूला सुरी खुपसल्यासारखे दुखत असेल, तर फुफ्फुसाच्या आवरणाला दाह झालेला असू शकतो. याला प्लुरसी म्हणतात. विषाणूमुळे झालेली प्लुरसी बहुतेक वेळा आपोआप बरी होते. परंतु उतरलेला ताप पुन्हा चढला, कफ पिवळा-हिरवा झाला किंवा धाप लागू लागली, तर विषाणूच्या पाठोपाठ जिवाणूंचा न्यूमोनिया झाल्याची शक्यता असते. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर अनेक घरांत अजून आहे. तो येथे कामी येतो. हात उबदार करून, नखांवरचा रंग काढून, पाच मिनिटे शांत बसून मोजलेले ऑक्सिजनचे प्रमाण ९४ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ९० टक्क्यांच्या खाली असेल तर थेट रुग्णालय गाठावे. मात्र ऑक्सिजनचे प्रमाण चांगले आहे म्हणून छातीतील दडपणाकडे दुर्लक्ष करू नये. ऑक्सिमीटर हृदयाची तपासणी करत नाही.

बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहिलेल्या माणसाच्या पायातील रक्तवाहिनीत गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाऊ शकते. एकाच पायाची पोटरी सुजलेली आणि दुखरी असणे, अचानक धाप लागणे आणि श्वासासोबत छातीत टोचणे ही तिची खूण. डी-डायमर ही चाचणी अशा शंकेच्या वेळी उपयोगी पडते; पण ती संसर्गानंतर, गरोदरपणात आणि उतारवयात एरवीही वाढलेली असते. लक्षणे नसताना केवळ हौसेने केलेली डी-डायमर चाचणी चिंतेशिवाय काही देत नाही.

छातीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी जळजळ होत असेल आणि कपड्याचा स्पर्शही नकोसा वाटत असेल, तर ती नागीण असू शकते. त्वचेवर पुरळ दिसण्याआधी काही दिवस नुसतेच दुखत राहते, त्यामुळे निदान चुकते. आणि रिकाम्या पोटी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळे होणारी आम्लपित्ताची जळजळही छातीतच जाणवते. ‘गॅस’ हे निदान कधीकधी खरे असते. पण ते शेवटी करायचे असते, सर्वांत आधी नव्हे.

हृदयावरण आणि हृदयाचा स्नायू

हृदयाभोवती दोन पदरांची एक पातळ पिशवी असते आणि दोन पदरांमध्ये थोडासा द्रव असतो. विषाणुजन्य आजारानंतर या पिशवीला दाह झाला की त्यास पेरिकार्डायटिस, म्हणजे हृदयावरणाचा दाह, म्हणतात. याचे दुखणे ओळखण्याजोगे असते. छातीच्या मध्यभागी किंवा डावीकडे तीव्र टोचते, मान आणि खांदा यांमधल्या उंचवट्यापर्यंत जाते, उताणे झोपल्यावर वाढते आणि उठून पुढे वाकून बसल्यावर कमी होते. रात्री अंथरुणावर पडवत नाही म्हणून उशी पोटाशी धरून वाकून बसलेला रुग्ण पाहिला की अनुभवी परिचारिकेला निदानाची चाहूल लागते. हा आजार तरुणांनाही होतो, आणि तरुणांचे दुखणे ‘या वयात हृदयाला काय होणार’ म्हणून टाळले जाते.

ईसीजी, इको तपासणी आणि स्टेथोस्कोपने ऐकू येणारा घर्षणाचा आवाज यांवरून डॉक्टर निदान पक्के करतात. सीआरपीचा खरा उपयोग या आजारात दिसतो. ती निदानाला दुजोरा देते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे उपचार कधी कमी करावेत हे ठरवण्यास मदत करते. दाहनाशक गोळी आणि तिच्यासोबत कोल्चिसिन हे औषध दिले जाते. पहिल्या वेळी कोल्चिसिन साधारण तीन महिने चालते. चार दिवसांत दुखणे थांबते आणि रुग्ण औषध सोडून देतो, ही या आजारातील नेहमीची अडचण आहे. कोल्चिसिन न घेतलेल्या रुग्णांपैकी १०० मध्ये १५ ते ३० जणांना हा आजार पुन्हा उलटतो. म्हणून दुखणे थांबले तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत औषध बंद करू नये. आपल्या देशात क्षयरोग हेही या आजाराचे महत्त्वाचे कारण आहे, त्यामुळे दुखणे लांबल्यास डॉक्टर त्या दिशेनेही तपासण्या करतात.

दाह हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचला तर त्यास मायोकार्डायटिस म्हणतात. हा कमी आढळतो, पण अधिक गंभीर असतो. छातीत दुखेलच असे नाही. थोड्या चालण्याने दम लागणे, विश्रांतीतही नाडी जलद असणे, ठोके चुकल्यासारखे वाटणे, पायांवर सूज येणे, तापानंतर दिवसेंदिवस वाढत जाणारा थकवा ही त्याची लक्षणे. येथे ट्रोपोनिन ही रक्तचाचणी महत्त्वाची ठरते. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूंमधील प्रथिन आहे. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरते. सीआरपी कोठेतरी दाह असल्याचे सांगते, तर ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे सांगते. दोन्ही आकडे एकाच कागदावर छापलेले असले तरी त्यांचे वजन सारखे नाही. ट्रोपोनिन वाढलेले असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. दुखणे सुरू झाल्यावर लगेच केलेली ट्रोपोनिन चाचणी मर्यादेत येऊ शकते, म्हणून डॉक्टर ती काही तासांनी पुन्हा करतात. ते पैसे उकळण्यासाठी नव्हे.

मायोकार्डायटिसचे बहुसंख्य रुग्ण बरे होतात. परंतु सुजलेल्या हृदयाला कष्ट देणे जिवावर बेतू शकते. या आजारात ३ ते ६ महिने व्यायाम, धावणे, खेळ आणि अंगमेहनत वर्ज्य असते. सैन्य आणि पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करणाऱ्या तरुणांना आणि त्यांच्या पालकांना हे विशेष करून सांगणे आवश्यक वाटते. भरतीची तारीख जवळ आलेली असते, ताप उतरून जेमतेम चार दिवस झालेले असतात आणि पहाटे मैदानावर गेले नाही तर मागे पडू अशी भीती असते. ताप असताना आणि उतरल्यानंतर छातीत दुखणे, धडधड किंवा नेहमीपेक्षा अधिक दम जाणवत असताना धावू नये. वीटभट्टीवर, शेतात, बांधकामावर राबणाऱ्यांसाठीही हाच नियम आहे. त्यांना रजा मिळणे अवघड आहे हे खरे, म्हणूनच डॉक्टरांकडून विश्रांतीचे लेखी प्रमाणपत्र मागून घ्यावे.

अहवाल हाती आल्यावर

प्रथम आकड्यापुढील एकक पाहावे. काही प्रयोगशाळा सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, तर काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. दोन्हींत दहा पटींचा फरक असतो. एका अहवालातील १.२ आणि दुसऱ्यातील १२ हे एकच प्रमाण असू शकते. या गोंधळापायी ‘दोन दिवसांत दहा पट वाढले’ म्हणून रात्री दवाखान्यात धाव घेतली जाते. बहुतेक प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये ५ किंवा १० ही वरची मर्यादा धरतात. साध्या विषाणुजन्य तापात सीआरपी थोडी वाढते. १०० च्या पुढे गेल्यास डॉक्टर जिवाणूंचा संसर्ग शोधू लागतात, पण हाही पक्का नियम नव्हे. एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधील उतार किंवा चढ अधिक सांगून जातो. पुन्हा चाचणी करायची असल्यास ती डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करावी.

ईएसआर वयाबरोबर वाढतो. ढोबळ हिशेब असा की पुरुषांमध्ये वयाच्या निम्म्यापर्यंत, आणि महिलांमध्ये वयात १० मिळवून येणाऱ्या संख्येच्या निम्म्यापर्यंत ईएसआर असू शकतो. म्हणजे ६० वर्षांच्या महिलेचा ३५ हा ईएसआर चिंतेचा नाही, जरी अहवालात त्यापुढे बाण छापलेला असला तरी. रक्तक्षय असल्यासही ईएसआर वाढतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या १०० महिलांपैकी ५७ महिलांना रक्तक्षय आहे. म्हणजे आपल्याकडे कित्येक महिलांचा ईएसआर वाढलेला दिसण्यामागे रक्तक्षयाचाही हात असू शकतो. अशा अहवालासोबत हिमोग्लोबिनचा आकडा पाहिल्याशिवाय अर्थ लावू नये. गंमत अशी की शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन दाहाच्या काळात फुगते. त्यामुळे लोह कमी असूनही अहवालात ते पुरेसे दिसते. रक्तक्षयाचा शोध घ्यायचा असल्यास आजार पूर्ण ओसरू द्यावा.

आणि उलट बाजूही लक्षात ठेवावी. सीआरपी मर्यादेत आहे म्हणून छातीत दडपण असलेल्या माणसाला घरी बसवून ठेवू नये. धमनी बंद पडल्यावर पहिल्या काही तासांत सीआरपी वाढलेलीच नसते.

औषधे

छातीत दुखते म्हणून औषधाच्या दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा ॲस्पिरिन घेण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. डेंग्यूच्या तापात या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत आलेला ताप डेंग्यूचा नाही हे ठरेपर्यंत त्या घेऊ नयेत. हृदयविकाराच्या झटक्यात ॲस्पिरिन उपयुक्त असते हे अनेकांना ठाऊक असते. परंतु नुकताच ताप येऊन गेलेल्या व्यक्तीला ते द्यावे की नाही, हे रुग्णवाहिकेतील किंवा रुग्णालयातील डॉक्टरांवर सोडावे.

तापासाठी आणि साध्या वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरते. प्रौढ व्यक्तीने दोन मात्रांमध्ये ४ ते ६ तासांचे अंतर ठेवावे आणि २४ तासांत एकूण ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये; यकृताचा विकार, मद्यपान किंवा कमी वजन असल्यास मर्यादा याहून कमी असते. सर्दीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते, म्हणून पाकिटावरील घटक वाचावेत.

सीआरपी वाढली म्हणून अँटिबायोटिक सुरू करणे चूक आहे. विषाणूवर ते चालत नाही. स्टेरॉइडबाबत तर अधिकच सावध राहावे. त्याने सीआरपी खाली येते आणि बरे वाटते, पण मूळ संसर्ग झाकला जातो. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, पसरली. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही तिची दोन मोठी कारणे होती. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरील छोटी पांढरी गोळी आपल्या घरात आणू नये.

जेव्हा कारण विषाणू नसतो

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्रीचा घाम आणि घटणारे वजन असेल तर क्षयरोगाची तपासणी करावी. सरकारी आरोग्य केंद्रांत ती आणि त्यानंतरचे उपचार मोफत आहेत. क्षयरोगाने फुफ्फुसाच्या आवरणात पाणी साचू लागले की आधी छातीत टोचते आणि पाणी वाढले की टोचणे थांबते, कारण एकमेकांवर घासणारे पदर दूर होतात. दुखणे गेले पण दम वाढला, असे झाल्यास बरे होत आहे असे समजू नये.

५ ते १५ वर्षे वयाच्या मुलांमध्ये घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी ताप, गुडघा-घोटा-मनगट असे एकामागून एक सांधे सुजणे, छातीत दुखणे किंवा दम लागणे दिसले, तर तो संधिवाताचा ताप असू शकतो. तो विषाणूमुळे नव्हे, तर घशातील स्ट्रेप्टोकोकस जिवाणूमुळे उद्भवतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडवू शकतो. वेळीच निदान झाल्यास ठरावीक दिवसांनी दिल्या जाणाऱ्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनांनी पुढील हानी टाळता येते. मुले ‘छातीत दुखते’ असे क्वचितच म्हणतात. खेळ अर्धवट सोडून बसतात. तेवढे लक्षण पुरेसे मानावे.

डॉक्टरांकडे जाताना

ताप कोणत्या तारखेला आला आणि उतरला, दुखणे केव्हा सुरू झाले, झोपल्याने, वाकल्याने, चालल्याने किंवा श्वासाने त्यात काय फरक पडतो, हे कागदावर लिहून न्यावे. घेतलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, दुकानातून स्वतः आणलेल्यांसह, सोबत असावीत. जुने अहवाल फेकू नयेत. गावाजवळ तज्ज्ञ नसल्यास आयुष्मान आरोग्य मंदिरातून किंवा ई-संजीवनी सेवेद्वारे डॉक्टरांशी बोलता येते. मात्र तातडीच्या लक्षणांसाठी ही सेवा नाही. ईसीजीचा कागद बहुधा उष्णतेने उमटणाऱ्या छपाईचा असतो आणि काही महिन्यांत पुसट होतो. तो मिळाला की त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढावी किंवा मोबाइलवर स्पष्ट छायाचित्र घेऊन ठेवावे, कारण पुढच्या वेळी दुखल्यास नव्या ईसीजीची तुलना डॉक्टर याच जुन्या कागदाशी करतात.